डॉक्टर मार्टिन लूथर: पति आणि पिता



एखादा उपदेशक किंवा पाळक प्रभूंत झोंपी गेला म्हणजे त्याला माती देण्याच्या वेळीं आपण त्याच्या उपदेशांची, त्यानें पायीं केलेल्या फेऱ्यांची व त्यानें शिकविलेल्या लोकांची आठवण करितों. हें योग्यच आहे. परंतु माती देऊन लोक आपापल्या घरीं परततात, आणि ज्या एका घरांत त्या दिवशीं चूल पेटलेली नसते तेथील आठवण निराळी असते. तेथें कोणी खुंटीवरचा पंचा पाहून रडूं लागते. लहान मूल संध्याकाळीं संवयीनें दाराकडे पाहतें. मंडळीनें एक सेवक गमावलेला असतो; त्या घरानें आपला धनी व बाप गमावलेला असतो.

ह्या दुसऱ्या आठवणीविषयीं आज चार शब्द लिहावे असें मनांत आहे. आणि त्यासाठीं ज्याचें नांव आपल्या बहुतेक मंडळ्यांत ठाऊक आहे त्या मार्टिन लूथर ह्याचें चरित्र घेतों. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं त्यानें पापक्षमेच्या चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध पंचाण्णव कलमें पुढें मांडलीं, १५२१ सालीं वर्म्स येथें बादशहासमोर तो डगमगला नाहीं, आणि पवित्र शास्त्राचें त्यानें जर्मन लोकांच्या भाषेंत भाषांतर केलें, हें आपल्या शब्बाथशाळेंतील मुलेंही सांगतात. परंतु तो घरीं कसा होता, बायकोशीं कसा वागे, पोटची मुलगी गेली तेव्हां त्यानें काय केलें, आणि त्याच्या पश्चात् त्याच्या विधवेवर कोणते प्रसंग आले, हें फार थोड्यांस माहीत असतें.

लूथराचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजीं जर्मनी देशांत आइसलेबेन गांवीं झाला. बाप हान्स हा शेतकऱ्याच्या कुळांतला; तो पुढें मान्सफेल्ड येथें तांब्याच्या खाणींवर व भट्ट्यांवर कष्ट करून वर आला. आईबाप देवभीरु होते, पण हात कडक. अक्रोडासारख्या एका फळासाठीं आईनें रक्त निघेपर्यंत मारिलें, ही आठवण लूथराच्या मनांतून म्हातारपणींही गेली नव्हती. मुलानें वकील व्हावें म्हणून बापानें पैसा खर्च केला. परंतु २ जुलै १५०५ रोजीं वाटेंत वादळ झालें, वीज अगदीं जवळ पडली, आणि घाबरलेल्या तरुणानें संन्यासी होण्याचा नवस केला. दोन आठवड्यांनीं तो एर्फुर्ट येथील मठांत शिरला. बाप अतिशय संतापला, आणि बापलेकांमधील हा सल पुष्कळ वर्षें राहिला.

मठवासी मनुष्यानें लग्न करणें त्या काळीं मोठें पाप समजत असत. लूथरानें शास्त्राच्या आधारानें शिकविलें कीं, विवाह ही देवानें नेमिलेली पवित्र स्थिति आहे आणि मठांतला संन्यासी घरांतल्या गृहस्थापेक्षां देवाला अधिक प्रिय आहे असें नाहीं. त्याचें हें शिकविणें ऐकून पुष्कळ संन्याशांनीं लग्नें केलीं. परंतु तो स्वतः मात्र लग्न करीत नव्हता. आपणांस पाखंडी ठरविलें आहे, आज ना उद्यां धरून जाळतील, तेव्हां एखादीचा जन्म कशाला दुःखांत घालावा, असा त्याचा विचार होता.

आतां त्याच्या पत्नीविषयीं सांगतों. काथारीना फॉन बोरा ही एका गरीब झालेल्या सरदार घराण्यांतली मुलगी. तिचा जन्म १४९९ सालचा. लहानपणींच तिला घरच्यांनीं मठांत ठेविलें, आणि पुढें निम्बशेन येथील मठांत ती संन्यासिनी झाली. लूथराचीं पुस्तकें तेथें कशीबशी पोंचलीं. १५२३ सालीं पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास बारा संन्यासिनी तेथून निसटल्या. टोर्गाऊ येथील लेओनहार्ड कोप्पे नांवाचा एक व्यापारी त्या मठाला माल पुरवीत असे. त्यानें आपल्या झांकलेल्या गाडींतून त्यांना बाहेर काढिलें. असें करणें हा त्या काळीं भयंकर गुन्हा होता. त्यांपैकीं नऊजणी विटेनबर्ग येथें लूथराच्या दारीं आल्या. अंगावरच्या वस्त्रांखेरीज त्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें. लूथरानें त्यांची सोय लावण्याचें काम अंगावर घेतलें. कोणाला माहेरीं पोंचविलें, कोणाचें लग्न जुळविलें. शेवटीं काथारीना तेवढी राहिली. तिच्यासाठीं एक वयस्क पाळक सुचविला असतां तिनें स्पष्ट नकार दिला, आणि लूथर स्वतः मागणी घालील तर आपण तयार आहों असें कळविलें.

१३ जून १५२५ रोजीं थोड्या मित्रांसमक्ष दोघांचा विवाह झाला. तो एकेचाळीस वर्षांचा होता व ती सव्वीस वर्षांची. चित्रकार लूकास क्रानाख व त्याची बायको साक्षीस होतीं. बापाची फार दिवसांची इच्छा पुरी करावी हेंही ह्या लग्नाचें एक कारण लूथरानें सांगितलें आहे. पुढें २७ जूनला जेवण झालें तेव्हां म्हातारा हान्स व त्याची बायको सुनेला पाहावयास आलीं. इतक्या वर्षांचा सल त्या दिवशीं निघाला.

परंतु सर्वांना आनंद झाला असें नाहीं. त्याच वर्षीं जर्मनींत शेतकऱ्यांचें बंड होऊन हजारों शेतकरी मारले गेले होते, आणि त्यांच्याविरुद्ध लूथरानें अतिशय कठोर शब्द लिहिले होते. देश दुःखांत असतां ह्यानें लग्न करावें, हें फिलिप मेलांख्थोनसारख्या जिवलग मित्रालाही रुचलें नाहीं. शत्रूंनीं तर नाहीं नाहीं त्या कंड्या पिकविल्या.

वाचकहो, हें लग्न प्रीतीनें वेडे होऊन केलेलें नव्हतें. आपल्या खेड्यांत जशीं लग्नें जुळतात तसेंच तें बहुतांशीं कर्तव्य म्हणून झालें, आणि प्रीति मागून आली. पण ती अशी आली कीं, पुढें गलतीकरांस लिहिलेल्या पत्राची आवड सांगतांना लूथर त्या पत्राला आपल्या बायकोचेंच नांव देई.

त्यांचा संसार विटेनबर्ग येथील जुन्या मठांतच सुरू झाला. तेथले संन्यासी निघून गेले होते, आणि पुढें १५३२ सालीं सॅक्सनीच्या अधिपतीनें तें घर त्यांना कायमचें लिहून दिलें. लग्नापूर्वीं लूथर तेथें इतका ओढग्रस्त राहत असे कीं, त्याचें अंथरूण वर्षभर कोणी झटकलेंही नव्हतें. दिवसभर काम करून तो त्यावर तसाच पडे. काथारीनेनें येतांच घराला घराची कळा आणिली. ती पहाटे उठे. तिनें गोठ्यांत गुरें बांधिलीं, डुकरें व कोंबड्या पाळिल्या, फळझाडें लाविलीं, माशांचें तळें घेतलें. त्या देशांत घरोघर पीत असलेलें जवाचें पेय ती घरींच तयार करी. जेवणाखाण्याचे पैसे घेऊन ती विद्यार्थी ठेवी. पुढें १५४० सालीं तिच्या माहेरच्या झ्यूल्सडोर्फ येथील जमीन त्यांनीं घेतली, आणि ती तेथें जाऊन स्वतः शेतीकडे लक्ष पुरवूं लागली.

नवऱ्याचा हात फार सैल होता. पुस्तकें छापून छापखानेवाले श्रीमंत झाले, पण लूथरानें आपल्या लिहिण्याबद्दल त्यांच्याकडून पैसा घेतला नाहीं. लग्नानंतर त्याचा पगार वर्षाला दोनशें गुल्डन झाला. पण दारीं आलेल्याला तो कधीं विन्मुख पाठवीत नसे, आणि घरांत पैसा नसला तर कोणी भेट दिलेलें चांदीचें भांडेंही उचलून देई. मरण पावलेल्या बहिणींचीं मुलें त्यानें घरीं आणिलीं. काथारीनेची एक वृद्ध आत्याही तेथेंच राहिली. परदेशांतून पळून आलेले पाळक, आजारी माणसें, पाहुणे ह्यांची तर रीघच लागलेली असे. हें सर्व काथारीनेच्या कष्टांवर चाले. लूथर हें ओळखून होता. पत्रांत तो तिला थट्टेनें घराचा मालक म्हणे. आणि ती थट्टा अर्धी खरीच होती.

येथें आपण उपदेशकांनीं थोडें थांबून विचार करावा. बाहेर उदार म्हणून आपलें नांव होतें. पण त्या औदार्याचा भार कोणाच्या पाठीवर पडतो? पाहुण्याला बसा म्हणणारा एक असतो, आणि डब्यांतलें शेवटचें पीठ मळणारी दुसरी असते. लूथराचें चांगलेपण ह्यांत आहे कीं, त्यानें हें लपविलें नाहीं; शेवटीं तर लेखी नमूद करून ठेविलें. तें पुढें येईलच.

त्यांना सहा मुलें झालीं: हान्स, एलिझाबेथ, माग्दालेना, मार्टिन, पॉल व मार्गारेटे. लग्नापूर्वींच, १५२२ सालीं, लूथरानें विवाहाविषयीं एक पुस्तक लिहून त्यांत सांगितलें होतें कीं, बाप आपल्या तान्ह्या मुलाचीं घाणेरडीं फडकीं धूत असेल आणि शेजारी त्याला बायल्या म्हणून हंसत असतील, तरी देव त्या बापावर संतुष्ट असतो, कारण तो हें काम विश्वासानें करितो. पांचशें वर्षें होऊन गेलीं, तरी आपल्या कित्येक घरांत हा धडा अजून शिकावयाचा आहे. १५२९ सालीं त्यानें लहान प्रश्नोत्तरावलि तयार केली, ती घरच्या कर्त्यानें आपल्या माणसांना शिकवावी म्हणूनच. धर्मशिक्षण हें केवळ देवळांतलें काम नसून जेवणाच्या पानाजवळचें काम आहे, असें त्याला वाटे. संध्याकाळीं घरांत गाणें होई, आणि तो स्वतः वाद्य वाजवी. आईबापांच्या हातचा मार आठवून तो मुलांना शिक्षा करितांना जपे. तरी लाडही बेताचेच करी. एकदां थोरल्या हान्सकडून कांहीं अपराध झाला तेव्हां त्यानें तीन दिवस मुलाला समोर येऊं दिलें नाहीं. आईनें व मित्रांनीं रदबदली केली, तरी मुलानें स्वतः नम्रपणें क्षमा मागितल्यावरच त्याला जवळ घेतलें.

१५२७ सालीं विटेनबर्ग येथें प्लेग आला. विद्यापीठ दुसऱ्या गांवीं गेलें. अधिपतीनें लूथराला निघून जाण्यास सांगितलें. पण पाळकानें आजारी कळपाला टाकून जाऊं नये म्हणून तो राहिला. त्याचें घरच दवाखाना झालें. काथारीना त्या वेळीं गरोदर होती, आणि लहान हान्सही आजारी पडला. त्या संकटांतून तीं सर्व वांचलीं. डिसेंबरांत एलिझाबेथ जन्मली. परंतु ती आठ महिन्यांची होऊन ३ ऑगस्ट १५२८ रोजीं वारली. बादशहापुढें न डगमगणाऱ्या ह्या मनुष्याला स्वतःचेंच आश्चर्य वाटलें कीं, एका तान्ह्या मुलीसाठीं आपलें काळीज इतकें मऊ कसें झालें.

१५३० सालीं आउग्सबुर्ग येथें मोठी सभा भरली. लूथरावर बादशहाचा हुकूम असल्यामुळें त्याला तेथें जातां येईना; म्हणून तो कोबुर्गच्या किल्ल्यांत पांच महिन्यांच्यावर राहिला. तेथून त्यानें आपल्या चार वर्षांच्या हान्सला पत्र लिहिलें. त्यांत मोठमोठ्या वादांची गोष्ट नाहीं. एक सुंदर बाग आहे, तींत मुलें फळें वेंचितात, गातात, लहानशा घोड्यांवर बसतात. आणि जीं मुलें प्रार्थना करितात व अभ्यास करितात त्यांना तेथें येतां येतें, असें त्यांत लिहिलें आहे. इकडे काथारीनेनें वर्षाच्या माग्दालेनेचें चित्र काढवून त्याच्याकडे पाठविलें, आणि त्यानें तें जेवणाच्या मेजासमोर भिंतीवर लाविलें. त्याच किल्ल्यांत बाप हान्स वारल्याची बातमी त्याला कळली. स्तोत्रसंहितेचें पुस्तक घेऊन तो खोलींत गेला, दार लाविलें, आणि पुष्कळ वेळ रडला.

परंतु सर्वांत जड दुःख पुढें होतें. माग्दालेना तेरा वर्षांची झाली होती. शांत, आज्ञाधारक, आईबापांची फार लाडकी. १५४२ सालच्या सप्टेंबरांत ती अतिशय आजारी पडली. हान्स त्या वेळीं टोर्गाऊ येथें शाळेंत होता. भावाबहिणींची एकमेकांवर फार माया, आणि मुलगी त्याची आठवण काढीत होती. म्हणून लूथरानें त्याच्या शिक्षकाला पत्र लिहून मुलाला ताबडतोब बोलाविलें, पण कारण त्याला वाटेंत सांगूं नये अशी विनंति केली. बाप मुलीच्या खाटेशीं गुडघे टेंकून बसे. तिला आपल्याजवळ ठेवावें असें त्याला फार वाटे, आणि देवाची इच्छा होवो असेंही तो म्हणे. ह्या दोन्ही गोष्टी तो एकाच तोंडानें बोले व दोहोंच्या मध्यें रडे. स्वर्गांतील पित्याकडे जाण्यास तूं तयार आहेस काय, असें त्यानें तिला विचारिलें, आणि तिनें होकार दिला. २० सप्टेंबर रोजीं बापाच्या हातांवरच तिनें प्राण सोडिला. आई त्याच खोलींत होती, पण दुःखानें तिला खाटेजवळ उभें राहवेना.

लूथर त्या दिवसांत मित्रांना जें बोलला व त्यानें जें लिहिलें त्याचा आशय हा: ती सुखांत आहे, ती पुन्हां उठेल, हें मी जाणतों व त्याबद्दल देवाचे उपकार मानतों, तरी तिचा चेहरा, तिचें बोलणें, तिचें मरण हें इतकें खोल रुतलें आहे कीं, ख्रिस्ताचें मरणही तें दुःख पुरतें काढून टाकीत नाहीं.

बंधुभगिनींनो, हें नीट लक्षांत घ्या. आपल्यांत कोणी मेलें म्हणजे कित्येकदां मंडळींतील वडील विधवेला किंवा आईबापांना दटावितात कीं, तुम्ही ख्रिस्ती असून रडतां कसे? विश्वास कमी पडला कीं काय? छाती बडवून, आशा नसलेल्यांप्रमाणें आक्रोश करूं नये, हें खरें. पण डोळ्यांतलें पाणी हें अविश्वासाचें चिन्ह नव्हे. लाजाराच्या कबरेजवळ आपला प्रभुही रडला. ज्यानें विश्वासाविषयीं सर्व युरोपखंडाला शिकविलें त्यानें आपल्या मुलीच्या दुःखाला लहान केलें नाहीं, आणि आपल्या आशेलाही सोडिलें नाहीं. शोक करणाऱ्या घरीं गेल्यावर हेंच करावें: जवळ बसावें, त्यांना रडूं द्यावें, आणि पुनरुत्थानाची गोष्ट हलक्या आवाजानें सांगावी.

त्याच वर्षाच्या आरंभीं, ६ जानेवारी १५४२ रोजीं, लूथरानें आपलें मृत्युपत्र लिहिलें होतें. सॅक्सनीच्या तेव्हांच्या कायद्याप्रमाणें नवऱ्याच्या मागें बायकोला फार थोडें मिळे, आणि तिच्यावर व मुलांवर पुरुष पालक नेमीत असत. लूथराला हें पसंत नव्हतें. त्यानें झ्यूल्सडोर्फची जमीन, एक लहान घर व मौल्यवान वस्तु बायकोला लिहून दिल्या. ती आपल्याशीं नेहमीं विश्वासू राहिली, तिनें आपल्याला मुलें दिलीं, आणि घरावरचें कर्ज तिलाच फेडावें लागणार, हीं कारणें त्यानें नमूद केलीं. आईनें मुलांच्या हाताकडे पाहावें असें न होतां मुलांनीं आईच्या हाताकडे पाहावें, आणि आईपेक्षां चांगला पालक मुलांना मिळणार नाहीं, असा त्याचा हेतु होता. मेलांख्थोन, क्रुत्सिगर व बुगेनहागेन ह्यांनीं त्यावर साक्षी घातल्या. परंतु वकिलांवर त्याचा राग असल्यामुळें कायद्याला पाहिजे होती ती रीत त्यानें जाणूनबुजून सोडिली. आपलें नांव व आपली सही एवढी पुरे, असें त्याला वाटलें. ही त्याची चूक होती.

१५४६ सालच्या जानेवारींत, शरीर थकलेलें असतां, तो मान्सफेल्डच्या सरदारांचें भांडण मिटविण्यासाठीं आपल्या जन्मगांवीं गेला. पुत्र बरोबर होते. वाटेंत नदीला पूर आला व बर्फाचे तुकडे वाहूं लागले, म्हणून हाले येथें मुक्काम पडला. काथारीना काळजीनें व्याकूळ झाली. तिची काळजी दूर व्हावी म्हणून त्यानें एकामागून एक विनोदी पत्रें लिहिलीं. तूं माझी चिंता करण्यापेक्षां देवाला माझी चिंता करूं दे, असा त्यांचा सूर होता. १४ फेब्रुवारीला भांडण मिटत आल्याचें कळवून त्यानें घरीं मासेही पाठविले. तें तिला लिहिलेलें त्याचें शेवटचें पत्र. १८ फेब्रुवारी १५४६ रोजीं पहांटेपूर्वीं आइसलेबेन येथेंच, आपण शिकविलें त्या ख्रिस्तावर भाव ठेवून मरतों अशी साक्ष देऊन, तो मरण पावला. वय बासष्ट वर्षें. मार्टिन व पॉल हे धाकटे पुत्र तेथें होते. काथारीना नव्हती.

मित्रांनीं येऊन तिला बातमी सांगितली. २२ फेब्रुवारीस प्रेत विटेनबर्ग येथें आणिलें. सरदार, विद्यार्थी, नगरवासी ह्यांची मोठी रांग होती. विधवा लहान मार्गारेटेसह गाडींत मागून आली. किल्ल्याच्या देवळांत, उपदेशाच्या व्यासपीठाजवळ, त्याला पुरलें. सर्व देश मोठ्या शिक्षकाबद्दल शोक करीत होता. काथारीनेनें एप्रिलांत आपल्या भावजयीला लिहिलें कीं, तिला अन्न जात नाहीं, पाणी जात नाहीं, झोंप येत नाहीं; एखादें राज्य आपलें असतें व तें गेलें असतें तरी इतकें दुःख झालें नसतें.

आणि दुःखाबरोबर दुसरी अडचण लागलीच उभी राहिली. मृत्युपत्र कायदेशीर नाहीं असें ठरूं लागलें. दरबारांतील मुख्य कारभारी ब्र्यूक ह्याला ती खर्चिक व हट्टी वाटे. मुलगे तिच्यापासून काढून दुसरीकडे ठेवावे व घर मोडावें, असें त्याचें मत होतें. ती बाई दबली नाहीं. मुलें आपल्याजवळ राहावींत व जमीन घेऊन आपण कष्टानें त्यांना वाढवावें, असा तिनें आग्रह धरिला. अधिपति योहान फ्रीडरिख ह्यानें लूथराच्या इच्छेला मान देऊन मृत्युपत्र मंजूर केलें, म्हणून ती तरली. तरी तिच्यासाठीं व मुलांसाठीं पालक नेमले गेलेच. राजा अनुकूल नसता तर तिचें काय झालें असतें?

मग युद्ध आलें. त्याच वर्षाच्या शेवटीं तिला मुलांसह माग्देबुर्ग येथें पळावें लागलें. २४ एप्रिल १५४७ रोजीं म्यूलबेर्गच्या लढाईंत अधिपति कैद झाला, आणि ती पुन्हां ब्राउनश्वाइगपर्यंत पळाली. परत आली तों शेतें उजाड, गुरें नाहींशीं, घरादाराची नासाडी. कर्ज काढून तिनें पुन्हां चूल पेटविली, पुन्हां विद्यार्थी ठेविले. डेन्मार्कच्या राजाला मदतीसाठीं पत्रें लिहावीं लागलीं. ज्याच्या मेजावर शेंकडों जेवून गेले त्याची विधवा आपण विसरलों, ही गोष्ट त्या वेळच्या मंडळीला भूषणावह नाहीं. १५५२ सालीं विटेनबर्ग येथें प्लेग आला तेव्हां ती मुलांना घेऊन टोर्गाऊकडे निघाली. वाटेंत घोडे उधळले. ती गाडींतून खाली गार पाण्याच्या चरांत पडली. तें दुखणें तीन महिने चाललें, आणि २० डिसेंबर रोजीं ती वारली. ज्या गांवच्या व्यापाऱ्याच्या गाडीनें तिला मठांतून बाहेर आणिलें होतें त्याच गांवीं, संत मरीयेच्या देवळांत, तिची कबर आहे. मुलें मात्र मार्गीं लागलीं: हान्स कायदा शिकून दरबारच्या सेवेंत गेला, पॉल नांवाजलेला वैद्य झाला, मार्गारेटेचें १५५५ सालीं चांगल्या घरीं लग्न झालें.

लूथर निर्दोष नव्हता, हेंही सांगितलें पाहिजे. शेतकऱ्यांविषयींचे त्याचे शब्द वर आलेच. १५४३ सालीं त्यानें यहूदी लोकांविरुद्ध इतकें द्वेषाचें लिहिलें कीं, विसाव्या शतकांत जर्मनींतील नाझींनीं आपल्या क्रूर कृत्यांच्या समर्थनार्थ तें पुढें केलें. त्याच्या नांवाच्या मंडळ्यांनीं पुढें त्या लिखाणाचा उघड निषेध केला. घरांत मायाळू असणारा मनुष्य परक्यांविषयीं निष्ठुर होऊं शकतो, हा इशारा आपणां सर्वांना आहे. कोणाही मनुष्याला देवाच्या जागीं बसवूं नये.

आतां शेवटीं दोन व्यावहारिक गोष्टी. पहिली: आपल्या देशांत ख्रिस्ती लोकांच्या वारशासाठीं १९२५ चा भारतीय वारसा कायदा आहे. त्याप्रमाणें मृत्युपत्र लेखी असावें, करणाऱ्यानें सही किंवा अंगठा करावा, आणि निदान दोन साक्षीदारांनीं त्याच्यादेखत सह्या कराव्या. मृत्युपत्रानें ज्यांना कांहीं मिळणार आहे त्यांना, अथवा त्यांच्या पतीला किंवा पत्नीला, साक्षीदार करूं नये. तसें केल्यास त्यांना दिलेलें व्यर्थ जातें. मृत्युपत्र न करितां मनुष्य वारला व मुलें असलीं, तर विधवेला तिसरा हिस्सा व बाकीचें मुलांना, असा सामान्य नियम आहे. मरणाची गोष्ट काढणें अशुभ, असें समजून पुष्कळजण हें काम टाळितात. आम्ही पुनरुत्थानाची आशा धरणारे. आम्हांला मरणाचें नांव काढण्याचें भय कां असावें? बायकोवर प्रीति आहे असें म्हणणाऱ्यानें तिच्या म्हातारपणाची व्यवस्था रीतसर कागदावर करून ठेवावी.

दुसरी: आपल्या मंडळींत कोणा सेवकाची विधवा असेल तर तिच्या घरीं ह्या आठवड्यांत जा. तिच्या नवऱ्याच्या उपदेशांची स्तुति करा, पण तेवढ्यावर उठूं नका. घरांत धान्य आहे कीं नाहीं, मुलांची फी भरली कीं नाहीं, शेताची नोंद तिच्या नांवें झाली कीं नाहीं, हें विचारा. तिला त्याच्याविषयीं बोलूं द्या. तो सभेंत कसा बोले हें तुम्हांस ठाऊक आहे. तो अंगणांत मुलाला खांद्यावर घेऊन कसा फिरे हें फक्त तिला ठाऊक आहे. तें ऐकून घेणें हीही प्रभूची सेवा आहे.

विटेनबर्ग येथील तो जुना मठ अजून उभा आहे, आणि देशोदेशींचे लोक तो पाहावयास जातात. तेथें एक खोली आहे. तींत लूथर जेवणाच्या मेजाशीं बसून बोलत असे व विद्यार्थी तें टिपून घेत. त्या मेजावर जें जेवण येई तें कोणाच्या हातचें होतें, हें आतां आपणांस ठाऊक आहे. देव आपल्या घरांना अशा हातांची जाण देवो. आमेन.